बी-चारशे दोनमधला पंप

आमच्या घरात पाणी खेचायचा चोरटा पंप आहे, असं सोसायटीच्या कमिटीचं परवापर्यंत ठाम मत होतं. पुरावा म्हणजे आवाज. संध्याकाळी सहा ते सात पाणी येतं आणि नेमकं त्याच वेळेला बी-चारशे दोनमधून काहीतरी किरकिरतं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या नळाची धार बारीक झालेली. झालं, गुन्हा सिद्ध! आधी नोटीस बोर्डावर कागद लागला, ‘काही सभासद थेट लाइनवर मोटर लावून पाणी ओढत असल्याचे निदर्शनास आले आहे.’ आम्ही तो वाचून ‘कोण असेल बाई’ अशी चर्चासुद्धा केली. मग एका संध्याकाळी कमिटीनं थेट मिस्त्रीच पाठवला.

पंप नव्हता. मी होते.

दहावीच्या सुट्टीत मी व्हायोलिन शिकायला लागले. का, ते विचारू नका, कारण सगळे विचारतात आणि सगळे एकाच चालीत विचारतात. आधी ‘अरे वा!’ आणि लगेच ‘आत्ता?’ सोळाव्या वर्षी व्हायोलिन म्हणजे जणू सत्तराव्या वर्षी बोहल्यावर चढणं. क्लासमध्ये माझ्या शेजारी बसणारा मुलगा दुसरीत आहे. गांधर्व महाविद्यालयाची प्रारंभिक परीक्षा आम्ही दोघं बरोबरच देणार. त्याची आई मला सांगते, ‘ताई, याच्याकडे जरा लक्ष ठेव हं.’ लक्ष तोच ठेवतो. माझा गंधार, म्हणजे सा रे ग मधला ‘ग’, उतरला की तो वाजवायचं थांबतो, माझ्याकडे बघतो आणि पुन्हा वाजवायला लागतो. बोलत काही नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

तर गंधार. पेटीवर बोट ठेवलं की स्वर आपला तयार असतो. सतारीला निदान पडदे असतात. व्हायोलिनला काय? एक काळी गुळगुळीत पट्टी, चार तारा आणि ज्याचं त्याचं नशीब. वाजती तार असते जेमतेम तेहेतीस सेंटिमीटर, आणि बोट अर्धा सेंटिमीटर जरी इकडेतिकडे सरकलं तरी तो स्वर धड शुद्ध राहत नाही, धड कोमल होत नाही. पाश्चात्त्य लोक हे वाद्य हनुवटीखाली धरून उभे राहतात. आपल्याकडे खाली बसायचं, एक बाजू छातीशी घ्यायची आणि टोक उजव्या पायाच्या घोट्याजवळ टेकवायचं. पाऊण तासानं पायाला इतक्या मुंग्या येतात की पाणी प्यायला उठले तरी घरच्यांना वाटतं पडतेय आता.

आजीचं मत वेगळंच. ‘जोगांचं ऐक, मग कळेल व्हायोलिन काय असतं.’ मी विचारलं, कुठले जोग? कारण दोन आहेत. एक वाईचे विष्णू गोविंद जोग, बिस्मिल्ला खाँसाहेबांबरोबर जुगलबंदी करणारे. दुसरे प्रभाकर जोग, ‘गाणारं व्हायोलिन’वाले. आजीचे दुसरे. ‘त्यांच्या व्हायोलिनमधून गाण्याचे शब्द ऐकू यायचे शब्द!’ माझ्या व्हायोलिनमुळेही शब्द ऐकू येतात. खालच्या मजल्यावरून येतात एवढंच.

असो. मिस्त्रीकाका आले तेव्हा मी भूप रागाचे अलंकार, म्हणजे सरावाचे पलटे, घोटत होते. बेल वाजली, आईनं दार उघडलं. हातात पाना, खिशात स्क्रू ड्रायव्हर, चेहऱ्यावर झडतीला आलेल्या माणसाचा भाव.

‘म्याडम, पंप कुठं लावलाय?’

आई म्हणाली, पंप नाही. ते म्हणाले, सगळे असंच म्हणतात. मग त्यांनी रीतसर घर पाहिलं. बेसिनखाली, बाथरूमच्या माळ्यावर, वॉशिंग मशीनच्या मागे. मागे आमची एक हरवलेली चप्पल सापडली, ती त्यांनी आईच्या हातात दिली. मग हॉलच्या मधोमध येऊन कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

‘मग आवाज कशाचा येतो?’

आईनं माझ्याकडे बोट दाखवलं. किती सहज दाखवलं, ते मी विसरणार नाही.

‘वाजवा बघू,’ मिस्त्रीकाका म्हणाले आणि स्टुलावर बसले. मी सा रे ग प ध सां वाजवलं. त्यांनी डोळे मिटले. पुन्हा वाजवायला सांगितलं. मग पंपवाला जे विचारतो ते सगळं विचारायला सुरुवात केली.

‘हे कधीपासून असं वाजतंय?’

‘जूनपासून.’

‘आधी कमी होतं आणि मग वाढलं, का पहिल्यापासून एवढंच?’

‘पहिल्यापासून,’ मी म्हणायच्या आत आई म्हणाली, ‘आधी जास्त होतं. आता कमी आहे.’

‘कमी होतंय म्हणजे चांगलंय,’ ते म्हणाले. ‘सुरू करताना जास्त येतो का?’

आता हे खरंच होतं. गज, म्हणजे तारेवर फिरवायची काठी, उलटा फिरवताना, खालून वर नेताना, सुरुवातीला एक खरखर येते आणि ती जावी म्हणून सर महिनोन्महिने माझ्या मनगटाच्या मागे लागलेत. सरांना जे मला सांगून पटवावं लागलं ते या माणसानं चार मिनिटांत ओळखलं. मग त्यांनी खिशातला लांब स्क्रू ड्रायव्हर काढला. मोटरचं बेअरिंग तपासताना मिस्त्री टोक मोटरला लावतात आणि मूठ कानाला, तसं त्यांनी टोक हलकेच माझ्या व्हायोलिनच्या कडेला टेकवलं. सहा हजारांचं व्हायोलिन! माझा श्वास अडकला. ‘वाजवा,’ ते म्हणाले. मी वाजवलं. दुसऱ्या मिनिटाला त्यांनी निकाल दिला.

‘बेअरिंग गेलेलं नाही. बेअरिंग गेलं की आवाज सारखा येतो. ह्यात मधे मधे बरा येतोय.’

एवढं कौतुक मला आजवर कुणी केलेलं नाही. सरांनीसुद्धा नाही.

मग त्यांचं लक्ष रोझिनच्या खड्याकडे गेलं. उचलून वास घेतला. ‘ही तर राळ. सोल्डरिंगला आमच्याकडे हीच असते. तुम्ही कुठं लावता?’ मी गज दाखवला, घोड्याच्या शेपटीचे केस दाखवले. खऱ्या घोड्याचे? हो, खऱ्या. त्यावर राळ घासायची. नाही घासली तर? तर गज तारेवरून नुसता घसरतो, आवाजच येत नाही.

मिस्त्रीकाका बराच वेळ आईकडे बघत राहिले. ‘म्याडम, आम्ही जन्मभर घर्षण कमी करायचे पैसे घेतो. तुम्ही पैसे भरून वाढवताय. मग आवाज येणारच की!’

आणि ते शंभर टक्के बरोबर होते. केस तार पकडतात, ओढतात, तार निसटते, पुन्हा पकडतात. सेकंदाला शेकडो वेळा. हेल्महोल्ट्झ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकात सूक्ष्मदर्शक लावून हे शोधून काढलं, मिस्त्रीकाकांनी स्क्रू ड्रायव्हर लावून.

जाताना चहा घेता घेता म्हणाले, ते वाइंडिंग शिकत होते तेव्हा मालकानं वर्षभर जळक्या मोटरींवरच हात बसवायला दिला. किती कॉइली बिघडवल्या त्याला गणती नाही. ‘पण ते वर्कशॉपात. तिथं कुणाला काय पडलंय? तुम्ही घरी शिकताय, हाच लोच्या आहे.’

हाच लोच्या आहे. वन बीएचकेत बेसूर वाजवायला जागा कुठे असते? चांगलं वाजवणाऱ्याला सोसायटी गणपतीत स्टेजवर बसवते, शाल देते. पण तो चांगला होण्याआधी कुठे वाजवत होता? गच्चीला कुलूप आहे, चावी सेक्रेटरी काकांकडे. क्लासात आठवड्यातून दोन तास मिळतात, तेही आठ जणांत. आणि आवाजाचाच एवढा त्रास असेल तर मग सगळ्याच आवाजांचा होऊ द्या ना. २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत, निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. विसर्जनाला आमच्या खिडकीच्या काचा थरथरतात तेव्हा हे आकडे कुणाच्या तोंडी येत नाहीत. सेक्रेटरी काका तर फेटा बांधून सगळ्यांत पुढे नाचत असतात. आणि ज्या काकूंच्या नळाची धार बारीक झाली त्यांच्याच बाथरूमचं काम दिवाळीनंतर सुरू झालं होतं. ड्रिल मशीन सकाळी नऊपासून. माझी सहामाही त्या ड्रिलमध्ये गेली. त्याची नोटीस कुठे लागली होती, जरा दाखवा मला.

आता गंमत ऐका. मिस्त्रीकाका आमच्याकडून खाली उतरताना सहज काकूंकडे शिरले. त्यांच्या नव्या कोऱ्या नळाची जाळी फिरवून काढली. जाळीत सिमेंटची वाळू गच्च बसलेली. काकूंच्याच बाथरूमच्या कामाची. जाळी धुतली, परत बसवली आणि धार धो धो यायला लागली. आमचा पंप निर्दोष सुटला. मी बोर्डावर खुलाशाचा कागद लागायची वाट बघत होते. कागद लागला नाही. मेंटेनन्सचं बिल मात्र आलं. त्यात आमच्या नावावर एक नवी ओळ, ‘किरकोळ दुरुस्ती, ३५० रु.’

मी सेक्रेटरी काकांना गाठलं. म्हटलं, काका, आमच्याकडे दुरुस्त काय केलं? नळ तिसऱ्या मजल्यावरचा, वाळू तिसऱ्या मजल्यावरची. ते अगदी समजुतीनं म्हणाले, ‘बाळा, तक्रार कुणाच्या घराबद्दल होती? खर्च तिथंच पडणार ना.’ बाबांनी दुसऱ्या दिवशी पैसे भरले. साडेतीनशेसाठी कुठे वाद घालायचा, म्हणाले. हे घर असं आहे. पंधरा रुपयांच्या कोथिंबिरीसाठी वाद घालतं, अब्रूसाठी नाही.

काल लिफ्टमध्ये काकू भेटल्या. एकदम प्रसन्न. ‘मिस्त्री हुशार निघाला हं,’ म्हणाल्या. ‘परवापासून तुमच्याकडचा तो आवाज साफ बंद झाला.’

बंद कुठला? परवापासून मी रोज वाजवतेय. तोच भूप, तेच अलंकार, तीच सहाची वेळ. फक्त त्या वेळेला आता काकूंची बादली इतक्या जोरात भरते, की वरचं काही त्यांच्या कानावर पडत नाही. त्या धारेचे साडेतीनशे रुपये आम्ही भरलेत. पावती माझ्याकडे आहे.