मोज्यातला लाल दिवा

मागच्या आठवड्यात परभणीहून धाकट्या बहिणीचा फोन आला. भाचा सहा वर्षांचा. तोंड उघडं टाकून घोरतो, मध्येच श्वास अडकतो. तिच्या सासूबाई म्हणतात, "घोरतंय म्हणजे लेकराला गाढ झोप लागलीय." कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना टॉन्सिल आणि ॲडेनॉइड (नाकामागची गाठ) वाढलेले दिसले, त्यांनी झोपेची तपासणी सांगितली. आता घरात दोन तट. दाजी म्हणतात, पुण्याला दवाखान्यात रात्र काढू. बहीण म्हणते, "दादा, तुमच्या तिकडं घरीच करतात ना?"

करतात की. मँचेस्टरला आमच्या लेकीची घरीच झाली. डबीएवढं यंत्र आणलं, पायाच्या अंगठ्याला सेन्सर चिकटवला, वरून मोजा चढवला. रात्रभर मोज्यातून लाल उजेड दिसत होता. सकाळी बघतो तर सेन्सर गोधडीत! दुसऱ्या रात्री पुन्हा. पण झोपली ती आईच्या कुशीत, स्वतःच्या गादीवर.

म्हणून माझा कल घराकडेच. रात्रभर गाडीत चोळामोळा झालेलं लेकरू परक्या खोलीत, डोक्या-छातीला वायरी लावून झोपवायचं, त्याला रोजची झोप कशी म्हणावी?

तरी बहिणीला सरळ 'हो' म्हणवेना. अंगठ्यावरचं यंत्र ऑक्सिजन आणि नाडी एवढंच टिपतं. मेंदूच्या लहरी नाहीत, म्हणजे मूल झोपलंय की जागंच लोळतंय हे त्याला कळत नाही. शिवाय लेकरं बऱ्याचदा ऑक्सिजन उतरण्याआधीच दचकून झोपमोड करून घेतात. मोठ्या माणसाला झोपेत तासाला श्वासाचे ५ पेक्षा कमी अडथळे चालून जातात. मुलांत १ सुद्धा खटकतो. अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१७ मध्ये मुलांचं निदान घरच्या तपासणीवर करू नका असंच सांगितलं होतं. आमच्या लेकीचा घरचा अहवाल चांगला आला, घोरणं मात्र थांबेना. तेव्हा तिलाही वायरींच्या खोलीत बोलावलंच. घरची चाळणी इथं चालते ती मागे ही खोली आहे म्हणून. परभणीत भाड्यानं यंत्र मिळेलही, पण व्हॉट्सॲपवर आलेला 'नॉर्मल' अहवाल बघून घरचे निवांत झाले तर?

दाजींनी तर कोरोनातला ऑक्सिमीटर काढून भाच्याच्या बोटाला लावला, फोटो पाठवला: ९८. पोरगं जागं, वर हसतंय!

म्हटलं, ते राहू द्या, झोपल्यावर बनियन काढून छातीचा व्हिडिओ घ्या. काल आला. पंख्याची घरघर, घोरणं, मग नुसताच पंखा. छाती आत ओढली जातेय, घशातून आवाज नाही. मी आकडे मोजत बसलो. नवाला त्यानं हिसका देऊन श्वास घेतला. बहिणीला म्हटलं, उद्या डॉक्टरांना आधी हा दाखव, आणि दाजींना म्हणावं, पुण्याची तिकिटं बघून ठेवा.