मनगटावरच्या साहेबाची मर्जी कशी राखावी

पावलं, नाडी, झोप मोजणारं स्मार्ट घड्याळ घेतलंच आहे ना, मग आता नोकरी नीट करा. मनगटावरच्या साहेबाच्या मुख्य मागण्या दोनच: दिवसाला दहा हजार पावलं आणि रात्री भरपूर झोप. यातला दहा हजार हा आकडा कुणा डॉक्टरनं तपासून दिलेला नाही. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावातच तो होता. साठी ओलांडलेल्यांना सहा ते आठ हजार पावलांत बहुतेक फायदा पदरात पडतो, असं अलीकडचे अभ्यास सांगतात. पण हे बेळगावात व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात सकाळी फिरणाऱ्यांपुढे बोलू नका. नऊ हजार आठशेवर अडकलेला माणूस त्या वेळी काहीही करू शकतो.

आधी पट्टा. कंपनी सांगते की मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, घट्ट बांधा. घड्याळाच्या पोटातून हिरवा उजेड कातडीत शिरतो, रक्त तो शोषून घेतं, आणि दर ठोक्याला परत येणारा उजेड कमी-जास्त होतो. त्यावरून नाडी कळते. तुम्ही पट्टा सैल ठेवा. मग बाहेरचा उजेड आत घुसतो, घड्याळ हिंदकळतं, आणि पळताना ते नाडी सोडून तुमच्या पावलांचा ठेकाच मोजायला लागतं. मिनिटाला १६० पावलं पडत असतील, तर नाडीही १६० दिसते. दम न लागता ‘तीव्र व्यायाम’ अशी नोंद मिळवण्याचा याहून सोपा मार्ग नाही.

आता पावलं. साहेबाला तुमचे पाय दिसत नाहीत, हाताचा झोका तेवढा कळतो, एवढं धोरण एकदा ध्यानात घेतलं की पुढचं सोपं आहे. हात मागे बांधून शांतपणे फिरण्याची आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांची जी पद्धत आहे, ती ताबडतोब बंद करा. तीन किलोमीटर चालाल आणि नोंद होईल दीडची. दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन बाजारातून येणं म्हणजे तर फुकटची हमाली. जुलैत बेळगावचा पाऊस लागला की छत्री घड्याळाच्या हातात धरायची नाही, ती दुसऱ्या हातात. टिळकवाडीत रेल्वेचं गेट पडलं तर इतरांसारखे निमूट उभे राहू नका, हात हलवत राहा. मागचे लोक बघतील. बघू देत.

खरी कमाई मात्र घरात आहे. ज्वारीची भाकरी थापताना हात एका लयीत खालीवर होतो, आणि घड्याळाला ते चालणं वाटू शकतं. पण अट अशी की लय तुटता कामा नये. सुटेसुटे चार-पाच हिसके घड्याळ सोडून देतं, सलग दहा-बारा झाले की मगच हिशेबात धरतं. म्हणून मध्येच पीठ घ्यायला थांबू नका, उंडे आधीच करून ठेवा, आणि घड्याळ थापणाऱ्या हातात घाला. गणपतीत आरतीच्या टाळ्यांचंही तसंच. ‘सुखकर्ता’पासून मंत्रपुष्पांजलीपर्यंत नेटानं टाळ्या वाजवणारा भक्त घराबाहेर न पडता बरंच अंतर काटतो. प्रसाद वेगळा.

प्रसादावरून कॅलरींचा विषय निघतो. संध्याकाळी घड्याळावर १,९०० दिसले की छाती फुगवा, खोलात जाऊ नका. त्यातल्या साधारण दीड हजार नुसतं जिवंत राहण्याच्या असतात, दिवसभर लोळलात तरी त्या मिळाल्याच असत्या. सत्तर किलोच्या माणसानं ताशी पाच किलोमीटरच्या चालीनं अर्धा तास चाललं, तर जेमतेम १२० कॅलरी जातात. आणि कुंदा म्हणजे दूध आटवून आटवून त्यात साखर घातलेला पदार्थ, तो वाटीभर खाल्ला की त्या परत येतात, वर नातेवाईकही आणतात. तेव्हा नेहमी मोठा आकडा वाचायचा आणि वाटी पुढे करायची.

तालमीत जात असाल तर प्रश्न गंभीर आहे. जोर काढताना मनगट मागे दुमडतं, घड्याळ कातडीपासून सुटतं आणि नाडी हरवते. पन्नास जोर काढून माणूस घामानं निथळतोय आणि साहेब म्हणतोय, ‘विश्रांती चालू आहे’. भर म्हणजे बाजूचं बटण हाताच्या पाठीवर दाबलं जातं. थोडं दाबलं तर आतली बाई विचारते, काय मदत करू? जास्त वेळ दाबलं तर काही घड्याळं थेट मदतीसाठी फोन लावायच्या तयारीला लागतात. उपाय आहे: घड्याळ उलटं फिरवून बटण कोपराकडे घ्यायचं आणि सेटिंगमध्ये बटणाची बाजू बदलायची. पण हा उपाय सांगितला तर मजा काय राहिली? बैठकांची पावलं होतीलच असं नाही, मुदगलाचीही नाही. शड्डू ठोकला तर पडल्याची नोंद होऊ शकते. ठोकल्यावर पुतळ्यासारखे मिनिटभर उभे राहू नका, नाहीतर घड्याळ घरी कळवेल की तुम्ही आडवे झालात. मातीतली मेहनत अशी कुचकामी ठरल्यामुळे शहाण्यानं जिममध्ये ट्रेडमिलवर चालावं हे बरं. तिथेही ट्रेडमिलचा दांडा धरून चालू नका. हात हलला नाही की पगार कापला.

वाचनाच्या बाबतीत साहेबाचं मत स्पष्ट आहे. खुर्चीत बसून वाचणं हा गुन्हा आहे. तासाभरात पन्नास मिनिटं स्थिर बसलात की मनगटाला चिमटा बसतो: ‘उठा, जरा हिंडा!’ १८४८ पासून चालत आलेल्या आपल्या बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयात पिढ्यान्‌पिढ्या माणसं बसून वाचत आली, त्यांना वेळीच कुणी उठवलं नाही, त्याला आता इलाज नाही. तुम्ही मात्र पुस्तक घरी आणा आणि अंथरुणात आडवे होऊन वाचा. उताणं, निश्चल, संथ श्वास, मंद नाडी: घड्याळाच्या लेखी ही झोप. साडेदहा ते बारा कादंबरी वाचलीत तर सकाळी दीड तास जास्तीची झोप जमा होऊन अ‍ॅप पाठ थोपटतं. काळजी एकच घ्यायची, पान घड्याळाच्या हातानं उलटायचं नाही. आणि पुस्तक रटाळ हवं. प्रकरण रंगलं, नाडी वाढली, तर झोपेचे गुण जातात. त्या दृष्टीनं सत्कारमूर्तींचे गौरवग्रंथ उत्तम.

वाचनयंत्र, म्हणजे ई-रीडर, घ्यायचं तर सहा इंचीच घ्या आणि त्यावर जुन्या मराठी पुस्तकांच्या स्कॅन केलेल्या प्रती चढवा. ती अक्षरं नसतात, पानांचे फोटो असतात. त्यामुळे अक्षर मोठं करायची सोय तिथे चालत नाही. पान ताणून मोठं केलं की ओळ पडद्याबाहेर जाते, आणि मग प्रत्येक ओळीसाठी बोट डावीकडून उजवीकडे, परत डावीकडे. हा व्यायाम कोणी मोजत नाही, खेद आहे. वाचनाच्या अ‍ॅपमधली रोजची साखळी टिकवायला रात्री अकरा पंचावन्नला एक पान उघडून मिटलं तरी पुरतं.

आंघोळीचं थोडक्यात. घड्याळावर ‘५ एटीएम’ लिहिलंय म्हणजे पन्नास मीटर खोल पाण्याइतका दाब सोसण्याची चाचणी झालेली असते, तीही साध्या थंड पाण्यात. बंबातलं कढत पाणी, वाफ आणि साबण हा कार्यक्रम त्या चाचणीत नव्हता. रबरी कड सैल होते, काचेच्या आत धुकं साठतं. पट्ट्याखाली साबण राहिला की पुरळही येतं. त्याला ‘फिटनेसची खूण’ म्हणून मिरवावं.

शेवटी कुटुंब. सगळ्यांना एकेक घड्याळ द्या आणि पावलांचा घरगुती गट करा, म्हणजे जेवताना बोलण्याचा त्रास वाचतो. ताटावर सगळे मनगटाकडे बघतात, फार तर ‘किती झाले गा?’ एवढं विचारलं की पुरे. सुट्टीत मुलाच्या हातात आपलं घड्याळ बांधून त्याला खेळायला पाठवायचा मोह होईल. पाठवू नका. पावलं वाढतील, पण लहान मुलाची नाडी मोठ्यांपेक्षा जलद असते, अ‍ॅप तुम्हाला ‘ताण फार आहे’ म्हणून दीर्घ श्वास घ्यायला लावेल.

आप्पांना मात्र घड्याळ देण्यापूर्वी दहादा विचार करा. ब्लड प्रेशरच्या काही गोळ्या नाडी मंद करतात. आप्पा पंच्याहत्तरीचे, गुडघे कुरकुरतात, फिरणं ओट्यापासून गेटपर्यंत, आणि बसल्या जागी नाडी ५४. अ‍ॅपला गोळीचं काय माहीत? मंद नाडी म्हणजे पळणारा गडी, असा त्याचा हिशेब. ते आप्पांना ‘उत्कृष्ट’ ठरवतं आणि रोज सहा किलोमीटर पळणाऱ्या त्यांच्या मुलाला ‘सरासरी’. गोळीचं कारण आप्पांना समजावत बसू नका. निपाणीच्या जावयाला फोटो केव्हाच गेलाय.