डोक्याला मटारची पिशवी बांधण्याआधी

केमो चालू असलेल्या माझ्या मावशीच्या कानामागे फोड आला, तेव्हा कुठे मला त्या मेसेजचा पत्ता लागला. भिशीच्या ग्रुपवर आलेला, दोन बाणवाला फॉरवर्ड. मजकूर थोडक्यात असा: केमोच्या वेळी डोक्याला बर्फ बांधला तर केस १०० टक्के वाचतात, हॉस्पिटलचं मशीन लागत नाही, आदल्या रात्रीपासून घरचा बर्फ बांधला तरी पुरतं, कुठल्याही कॅन्सरला चालतं, विगच्या धंद्यापायी डॉक्टर हे दडवून ठेवतात, आणि तरीही केस गळलेच तर कांद्याचा रस लावा. १०० टक्के वाचणार असतील तर कांदा कशाला, हे ग्रुपवरच्या एकीनेही विचारलं नाही.

आधी नाइलाजाने एक कबुली. थंडीने केस वाचतात, हे खरं आहे. केमोचं औषध भराभर वाढणाऱ्या पेशींना गाठतं आणि केसांची मुळं त्यांतलीच. टाळू गार केली की तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात, औषध मुळांपर्यंत कमी पोचतं आणि मुळंही जरा सुस्तावतात. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने इथवर कुठेतरी वाचलं आणि पुढचं सोडून दिलं.

कारण १०० टक्के कुठेच नाही. फेब्रुवारी २०१७मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतली चाचणी छापून आली, स्तनाच्या कॅन्सरच्या बायकांवरची. चार केमोनंतर पाहिलं, तर मशीनने टाळू गार ठेवणारी टोपी घातलेल्या ९५ जणींपैकी ४८ जणींचे केस टिकले. टोपी न घातलेल्या ४७ जणींपैकी एकीचेही नाहीत. आणि 'टिकले' म्हणजे निम्म्याहून कमी गळले, विगची गरज पडली नाही, एवढंच. शून्याच्या तुलनेत निम्म्या जणी ही मोठीच गोष्ट आहे. पण हे नीट बसवलेल्या मशीनचे आकडे आहेत, फ्रीजरच्या कप्प्याचे नव्हेत. त्यातही औषधागणिक फरक पडतो. मावशीला मिळतं ते लाल औषध, त्यात टोपीचं यश बरंच कमी.

आता त्या घरच्या बर्फाकडे येते, कारण माझा खरा राग तिथे आहे. मावशीने रात्री डोक्याला खोबरेल चोपडलं, वर फ्रीजरमधली मटारची पिशवी ठेवली आणि काकांच्या मफलरने करकचून बांधून झोपली. सकाळी तेल थिजून केसांत पांढऱ्या गुठळ्या झालेल्या, मटार मऊ पडून उशी ओली आणि कानामागे, जिथे प्लास्टिक थेट कातडीला टेकलं होतं तिथे, आधी पांढरा डाग आणि मग फोड. केमो चालू असताना पांढऱ्या पेशी कमी होतात. अशा वेळी फुटलेला फोड म्हणजे जंतूंना उघडं दार. केस वाचवायला गेली आणि अँटिबायोटिक घेऊन बसली.

बरं, त्या रात्रभरच्या थंडीचा उपयोग काय? शून्य. पिशवी काढल्यावर थोड्याच वेळात टाळू पुन्हा अंगाइतकी गरम होते आणि मावशीचं सलाईन लागलं दुपारी. औषध रक्तात असेल तेव्हा टाळू गार हवी. म्हणून मशीनची टोपी सलाईनच्या साधारण अर्धा तास आधी चढवतात, सलाईन संपेपर्यंत ठेवतात आणि नंतरही औषधाप्रमाणे तास-दीड तास किंवा जास्त. टोपीतून गार द्रव सतत फिरत असतो, त्यामुळे टाळूचं तापमान एकसारखं खाली राहतं. केस आधी पाण्याने ओले करतात, टोपी कुठेही पोकळ राहू देत नाहीत. जिथे पोकळ, तिथले केस जातात. पहिली दहा-पंधरा मिनिटं डोकं ठणकतं.

'कुठल्याही कॅन्सरला' हे तर धोकादायकच. ल्युकेमिया किंवा लिम्फोमा अशा रक्ताच्या कॅन्सरांत औषध अंगात सगळीकडे पोचायला हवं, टाळूतसुद्धा. तिथे ही टोपी घालत नाहीत. थंडीने अंगावर गांधी उठणाऱ्यांनाही नाही.

यावर मामांनी उलटा फॉरवर्ड टाकला, की टोपीने कॅन्सर डोक्यात चढतो. स्तनाच्या कॅन्सरच्या बायकांवरचे अभ्यास २०१७मध्ये एकत्र तपासले गेले, तेव्हा टाळूवर कॅन्सर दिसण्याचं प्रमाण टोपीवाल्यांत ०.६१ टक्के आणि बाकीच्यांत ०.४१ टक्के निघालं. संख्याशास्त्राच्या हिशेबात हा फरक धरण्याजोगा नाही. मामा, पुरे.

डॉक्टर दडवतात? इंग्लंडमधल्या हडर्सफील्डच्या हॉस्पिटलात अशी टोपी १९९७मध्ये बसली. बिअर गार करण्याच्या धंद्यातल्या एका माणसाने ती बनवली, बायकोचे केस केमोत गेले म्हणून. अमेरिकेत २०१५मध्ये अशाच एका टोपीला सरकारी मान्यता मिळाली. आपल्याकडे मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये चाचणी होऊन २०२०मध्ये निकाल छापूनही आले. दडवायचं काय राहिलं? पण हेही खरं, की आमच्या हॉस्पिटलात मशीन नाही आणि अशी काही सोय असते हे पहिल्या केमोआधी कुणी आपणहून सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मावशी मटारांच्या नादी लागली नसती.

कांद्याच्या रसावर मी शब्द खर्च करणार नाही.

मावशीला हे सगळं समजावलं. दुसऱ्या शहरात जाऊन, वेगळे पैसे भरून टोपी लावायची का, हेही विचारलं. ती म्हणाली, "एवढ्या लांब डोकं गार करायला कोण जातंय?" रविवारी शेजारच्या पार्लरवालीला बोलावून तिने वेणी कापून घेतली आणि कागदात गुंडाळून कपाटात ठेवली. काकांनी मफलर धुऊन वाळत टाकला.