सगळंच रोज कशाला करायचं?

पाडव्याच्या सकाळपासून फोनवर दोनच प्रकारचे मेसेज येत होते. अर्धे गुढीच्या चित्राचे आणि अर्धे "नव्या वर्षात स्वतःला बदला" छापाचे. रोज पहाटे पाचला उठा, रोज दहा हजार पावलं चाला, रोज दहा पानं वाचा, रोज ध्यान करा, रोज कृतज्ञतेची वही लिहा, रोज आईवडिलांशी बोला, रोज खर्च टिपून ठेवा. सगळं मनावर घेतलं तर नोकरी सोडावी लागेल, आणि नोकरी सोडली तर खर्च टिपायचा प्रश्नच मिटतो.

माणसानं सुधारावं, याला माझी ना नाही. पण सुधारणा म्हटली की ती रोजचीच असली पाहिजे, हे कुणी ठरवलं? माझं म्हणणं असं आहे की आयुष्यातली बरीच महत्त्वाची कामं वर्षातून एकदा, पण नेटानं करायची असतात. ती रोजच्या यादीत कोंबली की ती तर होत नाहीतच, वर यादीही बोंबलते. आपल्या घरांना हे पूर्वी चांगलं ठाऊक होतं. फाल्गुन-चैत्राचे दोन महिने म्हणजे त्या शहाणपणाचं उघड प्रदर्शनच असायचं.

आमच्या नाशिकच्या वाड्यात शिमगा संपला की गच्चीवर जुनी धोतरं आणि साड्या अंथरल्या जायच्या. उडदाचे पापड, साबुदाण्याच्या पापड्या, बटाट्याचा कीस, सांडगे, शेवया आणि सगळ्यांत वेळखाऊ म्हणजे कुरडया. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, चौथ्या दिवशी वाटून चीक काढायचा, तो रात्रभर बसू द्यायचा, वरचं पाणी ओतून टाकायचं आणि दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे हिंग-मीठ घालून शिजवायचा. चीक गरम आहे तोवरच सोऱ्यातून कुरडई पडते. गार झाला की सोऱ्या दाबणाऱ्याचे हात भरून येतात. आम्हा पोरांचं काम दोन गोष्टींचं: वाटीभर गरम चीक खाणं आणि दिवसभर कावळे हाकणं. पहिलं आम्ही जास्त मन लावून करायचो.

मग गव्हाची पोती यायची. गहू उन्हात वाळवून, निवडून, एरंडेलाचा हात लावून कोठीत. तिखटाच्या मिरच्या वाळायच्या, मसाल्याचे जिन्नस भाजून डंकावर कुटायला जायचे, आणि त्या आठवड्यात गल्लीतून जाणारा प्रत्येक माणूस शिंकत जायचा. पुढे वर्षभर कुणी "आज पापड करावे का" असा विचार करत नव्हतं. डबा उघडायचा आणि तळायचे.

यात तीन गोष्टी होत्या, आणि त्या तिन्ही आजच्या सल्ल्यांमध्ये नसतात. पहिली म्हणजे ऊन. काम अशा दिवसांत ठेवलं होतं की निसर्गच हाताशी यायचा. दुसरी म्हणजे मुदत. जूनमध्ये मृग लागायच्या आत सगळं आवरलंच पाहिजे, पाऊस कुणाच्या मूडची वाट बघत नाही. तिसरी म्हणजे माणसं. आज आमच्याकडे पापड, परवा समोरच्या काकूंकडे. चार बायका पोळपाट-लाटणं घेऊन घरी येणार म्हटल्यावर "आज कंटाळा आला" असं म्हणायची सोय नव्हती. इच्छाशक्ती वगैरे शब्द त्या गच्चीवर कुणाच्या तोंडी ऐकले नाहीत. तिची फारशी गरजच पडत नव्हती.

आता यावर कुणी तरी कमेंटमध्ये लिहील की "किती छान होते ते दिवस." होते, पण ज्यांचे हात पोळायचे त्यांना विचारा. हे सगळं काम बायकांचं होतं. पुरुष मंडळी गच्चीवर यायची ती पापड कच्चा खाऊन "मीठ जरा कमी आहे" सांगायला. त्यामुळे मला ती पद्धत हवी आहे, ती वाटणी नको आहे. पुढे मी जी कामं सांगणार आहे, ती घरातल्या सगळ्यांनी मिळून करायची आहेत, हे आत्ताच सांगून ठेवते.

नाशिकवरून आठवलं. आमच्याकडे धुळवडीपेक्षा रंगपंचमीचा जोर, आणि रंगपंचमी म्हणजे रहाडी. बाहेरच्यांसाठी सांगते: रहाड म्हणजे रस्त्याखाली, चौकाखाली बांधलेला जुना दगडी हौद. वर्षभर तो लाकडं टाकून, माती लोटून बंद असतो. त्याच्यावरून रिक्षा, दुचाक्या, भाजीच्या गाड्या जात असतात. नवख्या माणसाला खाली काही आहे याचा पत्ताही लागत नाही. रंगपंचमी जवळ आली की माती उपसतात, हौद साफ करतात, पाणी भरून रंग करतात, पूजा होते आणि मग धप्पा! म्हणजे उंचावरून अशी उडी मारायची की काठावरचे सगळे भिजले पाहिजेत. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा झाकायची तयारी. वर्षातला एकच दिवस, पण त्यासाठी अख्ख्या गल्लीची पोरं आधीचे कितीतरी दिवस राबतात. तीच गल्ली "रोज थोडा थोडा रंग खेळूया" असं ठरवती, तर आठवड्यात कंटाळली असती.

होळीची बोंबही त्यातलीच. वर्षभर ज्यांच्याशी सभ्यपणे बोलावं लागतं त्यांच्या नावानं एक दिवस मोकळेपणानं ओरडायचं, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडेच पुरणपोळीचं ताट पाठवायचं. आज रोज फोनवर बोंब मारायची सोय झाली आहे, आणि पुरणपोळी मात्र कुणी पाठवत नाही.

बरं, मुहूर्ताचं महत्त्व हे केवळ आपल्या आजीचं म्हणणं आहे असं समजू नका. अमेरिकेत हेंगचेन दाय, कॅथरीन मिल्कमन आणि जेसन रीस या तिघांनी यावर अभ्यास केला. त्यातला एक प्रयोग मला फार आवडतो. लोकांना विचारलं, तुमच्या संकल्पाची आठवण करून देणारा ईमेल अमुक दिवशी पाठवू का? तारीख सगळ्यांना एकच होती, २० मार्च २०१४. फक्त काहींना ती "मार्चचा तिसरा गुरुवार" म्हणून सांगितली आणि काहींना "वसंताचा पहिला दिवस" म्हणून. वसंतवाल्यांमध्ये हो म्हणणारे कितीतरी जास्त निघाले. गंमत बघा, यंदाचा, म्हणजे २०२६ चा पाडवा १९ मार्चला आला, तो मार्चचा तिसरा गुरुवारच होता. आपण त्याला तिसरा गुरुवार म्हटलं असतं तर गाठी आणायला कुणी बाजारात गेलं नसतं.

(जाता जाता: या वर्षीच्या संवत्सराचं नाव 'पराभव' आहे. साठ नावांचं चक्र आहे, कधी तरी हे यायचंच. पण शुभेच्छांच्या एकाही चित्रावर संवत्सराचं नाव दिसलं नाही, एरवी मात्र ते ठळक छापलेलं असतं. आपल्या श्रद्धेला सोयीची जागा बरोबर सापडते.)

तर वर्षातून एकदा करायच्या कामांची माझी स्वतःची चैत्रातली यादी अशी आहे. तुमची वेगळी असेल.

सगळ्यांत आधी कागद. बँक खाती, मुदत ठेवी, विमा, भविष्य निर्वाह निधी यांवर नॉमिनी कोण आहे हे एकदा उघडून बघा. लग्नाआधी उघडलेल्या खात्यावर आईचं नाव असतं, आई जाऊन वर्षं झालेली असतात, आणि कुणाच्या लक्षात नसतं. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चारपर्यंत नॉमिनी लावता येतात, तेव्हा "दोन मुलांपैकी कुणाचं नाव घालू" हा जुना पेचही सुटला आहे. पण बँक खात्याचा नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. तो पैसे ताब्यात घेतो, हक्क कुणाचा ते वारसा कायदा किंवा इच्छापत्र ठरवतं. इच्छापत्र साध्या कागदावरही चालतं, दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, नोंदणी सक्तीची नाही. आमच्या नात्यात एका घरात हे न केल्यामुळे सख्खी भावंडं तेराव्यालाच बोलेनाशी झाली. ध्यान आणि कृतज्ञतेची वही दोघंही नियमित करत होती, असं ऐकलंय.

आणि हे सगळं जोडीदाराला माहीत असलं पाहिजे. एक फाईल, एका जागी, दोघांना ठाऊक. नवऱ्याच्या विम्याचा हप्ता कधी असतो हे बायकोला माहीत नसणं आणि गॅसचा नंबर कसा लावायचा हे नवऱ्याला माहीत नसणं, दोन्ही सारखंच धोक्याचं.

दुसरं शरीर. रक्तदाब, साखर, डोळे, दात. "कधी तरी करून घेऊ" म्हटलं की ते चक्कर येऊन पडल्यावरच होतं. त्याला महिना ठरवून द्या. आमच्याकडे चैत्र ठरला आहे, आणि सगळे एकदम जातो, म्हणजे कुणाला पळवाट राहत नाही. तीन महिन्यांची साखर सांगणारी ती तपासणी असते ना, एचबीए१सी, ती चैत्रात केली की संक्रांतीच्या गुळपोळ्यांपासून होळीच्या पुरणपोळ्यांपर्यंतचा सगळा जमाखर्च समोर येतो. आदल्या दोन दिवसांत गोड सोडून तिला फसवता येत नाही.

तिसरं म्हणजे माणसं, आणि इथे मला चैत्रगौर फार हुशार वाटते. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर बसली की अक्षय्य तृतीयेपर्यंत महिनाभर सोयीच्या कुठल्याही दिवशी हळदीकुंकू करा. कैरीची डाळ, पन्हं, ओल्या हरभऱ्यांची ओटी, कलिंगडाची फोड. फार थाटमाट नाही, उन्हातून आलेल्या बाईला गार वाटावं एवढाच बेत. एकच दिवस असता तर सगळ्या जणी एकमेकींच्या घरी जायच्या कशा? तारीख सैल, पण शेवट पक्का. ज्या नातेवाईकांना "एकदा भेटायचंय" असं आपण वर्षानुवर्षं म्हणतो, त्यांच्यासाठी हीच युक्ती वापरा. आत्या, मामी, जुन्या बाई, शाळेतली मैत्रीण, कुणीही. अक्षय्य तृतीयेच्या आत जाऊन यायचं. हळदीकुंकवाचं निमित्तही लागत नाही, आणि विधवा म्हणून आजवर ज्यांना वगळलं त्यांना आधी बोलवा.

घर आवरण्याबद्दल मी फार बोलणार नाही. औषधांच्या डब्यातली मुदत संपलेली पाकिटं काढा, एवढं पुरे.

आता रोजचं काहीच नको का? हवं की. पण एकच, आणि कडुनिंबाइतकं. पाडव्याला आपण कडुनिंब किती खातो? कोवळा पाला, फुलोरा, त्यात गूळ, चिंच, ओवा, मिरी, हिंग, भिजवलेली डाळ घालून चमचाभर. वाटीभर कुणी देत नाही, कारण दिला तर पुढच्या वर्षी कुणी तोंड उघडणार नाही. रोजची सवय एवढीच असावी, आणि ती आधीच रोज होणाऱ्या गोष्टीच्या शेपटाला बांधावी. चहा झाला की गुडघ्यांचे दोन व्यायाम. रात्री फोन चार्जिंगला लावला की पुस्तक हातात.

आणि एकवीस दिवसांत सवय लागते हे विसरा. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांचा २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे, ९६ जणांवरचा. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतात असं त्यात निघालं, पण माणसामाणसांत फरक केवढा, तर १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत. मध्ये एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. म्हणजे पाडव्याला सुरू केलेली गोष्ट मेअखेरीपर्यंत रेटायची तयारी हवी. बाविसाव्या दिवशी जमत नाही म्हणून स्वतःला आळशी ठरवणाऱ्यांनी हा आकडा फ्रिजवर चिकटवावा.

मला माहीत आहे, काहींना वर्षातून एकदाची ही पद्धत जुनाट वाटेल. रोजच्या सवयींचं एक आकर्षण असतं, रोज खूण करायला मिळते, ॲपमध्ये हिरवी साखळी दिसते. इच्छापत्र केल्याची हिरवी साखळी कुठलंच ॲप दाखवत नाही. म्हणूनच तर ती कामं राहतात.

शेवटचं, आणि हे घाईचं आहे. पीपीएफमध्ये, म्हणजे सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीत, दर महिन्याचं व्याज ५ तारखेनंतरच्या सर्वांत कमी शिल्लकीवर धरतात. त्यामुळे वर्षाची रक्कम, कमाल दीड लाख, एकदम भरणार असाल तर ५ एप्रिलच्या आत भरा, बारा महिन्यांचं व्याज मिळतं. हेही वर्षातून एकदाचंच काम. २०२६ मध्ये मात्र १ एप्रिलला बँका वार्षिक हिशेबासाठी बंद, ३ ला गुड फ्रायडे आणि ५ ला रविवार. शाखेत जाऊन भरणाऱ्यांच्या हातात २ आणि ४ असे दोनच दिवस. चेकवाल्यांनी ४ ची वाट बघू नये, तो वटायलाही वेळ लागतो. ज्यांचे आईवडील अजून पासबुक घेऊन बँकेत जातात, त्यांनी आधीच फोन करून त्यांना तारखा सांगाव्यात.