‘कल्चर’च्या नावावर खपणाऱ्या गोष्टी

आंतरराष्ट्रीय टीमचा प्रोजेक्ट फसला की पहिलं खापर फुटतं ते ‘कल्चर’च्या डोक्यावर. कल्चर उलटून बोलत नाही, त्याचं अप्रेझल बिघडत नाही, म्हणून दोन्हीकडच्या मॅनेजरांना ते सोयीचं पडतं. मग एचआर एक ट्रेनिंग लावतं. जर्मन तोंडावर बोलतात, जपानी नाही म्हणत नाहीत, अमेरिकन आधी कौतुक करतात आणि मग मुद्द्यावर येतात, डच तर विचारूच नका. स्लाइड संपतात, सगळे हसतात आणि सोमवारच्या कॉलवर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

मला हा प्रकार राशिभविष्यासारखा वाटतो. वाचताना पटतं, कामाला येत नाही.

यामागे अभ्यास नाही असं नव्हे. गेर्ट हॉफस्टेडे या डच संशोधकाने १९६७ ते १९७३ या काळात आयबीएमच्या अनेक देशांतल्या कर्मचाऱ्यांकडून भरून घेतलेल्या लाखाहून जास्त प्रश्नावल्या तपासल्या. वरिष्ठांपासूनचं अंतर, अनिश्चिततेची धास्ती, अशा गोष्टी त्यातून मोजल्या. पण ते आकडे देशांच्या सरासरीचे आहेत, एकेका माणसाला लावायचे नाहीत, हे तो स्वतःच बजावून सांगायचा. ट्रेनिंगच्या स्लाइडमध्ये नेमकं तेवढंच वाक्य गळतं.

आता प्रत्यक्षात काय घडतं ते बघा. कॉलवर दहा-बारा जण. मुख्य ऑफिसचा मॅनेजर स्क्रीन शेअर करून भराभर बोलतोय. शेवटची चार मिनिटं उरल्यावर विचारतो, “मग शुक्रवारपर्यंत होईल ना? सगळे ओके?” दोन सेकंद शांतता. पलीकडून एक जण म्हणतो, “हो, प्रयत्न करतो.” “ग्रेट!” म्हणून मीटिंग संपते. शुक्रवारी काम झालेलं नसतं आणि निष्कर्ष तयार असतो: ही माणसं स्पष्ट बोलत नाहीत.

अरे बाबा, तू विचारलंस काय? प्रश्नातच उत्तर भरून दिलंस. एवढ्या लोकांसमोर, साहेबासमोर, परक्या भाषेत आणि घड्याळाकडे बघत कोण नाही म्हणणार? तुझा सख्खा देशबांधवसुद्धा म्हणणार नाही.

त्याच माणसाला दुसऱ्या दिवशी एकट्याला गाठून विचारा. शुक्रवारच्या आधी तुझ्या हातात आणखी काय काय आहे? यात सगळ्यात जास्त वेळ कशाला जाईल? कुणाकडून काही यायचं राहिलंय का? तो न थांबता सांगतो. टेस्ट सर्व्हरचा ॲक्सेसच मिळालेला नाही, तो मुख्य ऑफिसनेच द्यायचाय, मागणीचं तिकीट सिस्टीममध्ये टाकून ठेवलंय, कुणी उघडूनही बघितलेलं नाही. माणूस तोच, देश तोच. बदलला तो फक्त प्रश्न. असं मी इतक्या वेळा पाहिलंय की ‘त्यांच्याकडे नाही म्हणायची पद्धत नाही’ हे वाक्य ऐकलं की मी आधी ते म्हणणारा माणूस प्रश्न कसे विचारतो ते बघतो.

आणि संस्कृती एकच असली म्हणजे गोंधळ होत नाही, असंही नाही. १९९९ मध्ये नासाचं ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ यान मंगळापाशी पोचून हरवलं. यान बनवणाऱ्या लॉकहीड मार्टिन कंपनीचं सॉफ्टवेअर इंजिनाच्या धक्क्याचे आकडे पाउंड-सेकंद या इंग्रजी एककात देत होतं आणि नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत ते न्यूटन-सेकंद हे मेट्रिक एकक समजून वापरले जात होते. दोन्ही टीम अमेरिकन, भाषा एक, शिक्षण साधारण सारखं. यानाचा मार्ग बघणाऱ्यांना काहीतरी खटकत होतं, पण ती शंका अनौपचारिक बोलण्यातच राहिली. अडचण नोंदवायची जी ठरलेली पद्धत होती, तिच्यातून ती वर गेलीच नाही. याच टीम दोन देशांतल्या असत्या तर ‘कल्चर गॅप’वर आजवर किती सेमिनार झाले असते, याचा नुसता विचार करा.

सत्तेचं कोडं संस्कृतीच्या कागदात गुंडाळण्याचं माझं आवडतं उदाहरण मोटारींच्या धंद्यातलं आहे. १९९८ साली जर्मनीची डाइमलर-बेंझ आणि अमेरिकेची क्रायस्लर एकत्र आल्या. सुमारे ३६ अब्ज डॉलरचा व्यवहार, आणि जगाला सांगितलं की हे बरोबरीचं विलीनीकरण आहे. २००७ मध्ये डाइमलरने क्रायस्लरचा बहुतांश हिस्सा सर्बेरस या गुंतवणूक कंपनीला विकून हात झटकले. मॅनेजमेंटच्या वर्गांत हे प्रकरण सांस्कृतिक संघर्षाचा नमुना म्हणून शिकवतात: शिस्तीचे जर्मन, मोकळेढाकळे अमेरिकन, जमलं नाही. ते फरक होतेच. पण २००० सालीच डाइमलरचे प्रमुख युर्गेन श्रेम्प एका मुलाखतीत बोलून गेले की क्रायस्लर हा एक विभाग म्हणूनच त्यांना पहिल्यापासून हवा होता, आणि तसं आधीच सांगितलं असतं तर समोरचे तयार झाले नसते. भागधारक कोर्टात गेले. २००३ मध्ये डाइमलरने त्यातला एक मोठा दावा ३० कोटी डॉलर देऊन मिटवला. इथे संवाद अडला कुठे? क्रायस्लरच्या माणसांना उलट सगळं नीट कळलं होतं, जरा उशिरा.

सत्ता बघायची असेल तर कॉलची वेळ बघावी. सॅन फ्रान्सिस्कोत सकाळचे नऊ वाजतात तेव्हा टोकियोत मध्यरात्र उलटून गेलेली असते. ‘जपानी सहकारी मीटिंगमध्ये फारसं बोलत नाहीत.’ अहो, त्यांच्याकडे एक वाजलाय रात्रीचा! त्यात मार्चमध्ये अमेरिकेची घड्याळं दुसऱ्या रविवारी पुढे सरकतात, युरोपची शेवटच्या रविवारी आणि जपानची सरकतच नाहीत. मधले दोन-तीन आठवडे कुणीतरी तासभर आधी येऊन बसतं किंवा तासभर उशिरा येतं. तेव्हा ‘वक्तशीरपणाची संस्कृती’ निघाली नाही असं सहसा होत नाही.

भाषेचंही तसंच. अस्खलित इंग्रजी बोलणारा हुशार वाटतो आणि अडखळणारा कच्चा वाटतो, मग त्याने ती अख्खी सिस्टीम एकट्याने उभी केलेली का असेना. गंमत अशी की कॉलवरून मातृभाषा इंग्रजी असलेली मंडळी गेली की उरलेल्यांचं, कोरियन, पोलिश, ब्राझिलियन, एकमेकांशी झकास जमतं. छोटी वाक्यं, साधे शब्द, बेसबॉलमधले वाक्प्रचार नाहीत. जपानच्या राकुतेन कंपनीने २०१० मध्ये अंतर्गत कारभार इंग्रजीत करायचं जाहीर केलं आणि लोकांना शिकायला दोन वर्षं दिली. निर्णय बरोबर होता का, यावर वाद घालता येईल. पण शिकायला वेळ लागतो हे त्यांनी निदान मान्य तरी केलं. बाकी ठिकाणी इंग्रजी मातृभाषा असलेल्यांनी जरा हळू बोलावं, अशी कुणी साधी सूचनाही देत नाही. ‘ॲक्सेंट ट्रेनिंग’ कायम दुसऱ्या बाजूलाच.

याचा अर्थ संस्कृती नसतेच असा कुणी काढू नये. बऱ्याच जपानी कंपन्यांत ‘नेमावाशी’ चालते. म्हणजे निर्णय आधी एकेकाशी बोलून पिकवायचा आणि मीटिंगमध्ये त्यावर फक्त शिक्का मारायचा. हे माहीत नसलेला माणूस भर मीटिंगमध्ये नवा प्रस्ताव टाकतो आणि समोर शांतता पसरली की भांबावतो. ही माहिती खरोखर उपयोगी आहे, कारण निर्णय कुठे होतो ते तिच्यातून कळतं. कागद आधी पाठवा, दोघा-तिघांशी वेगवेगळं बोला, काम पुढे सरकतं. ‘ते लाजाळू असतात’ या माहितीचं मात्र तुम्ही काय करणार?

मी मुख्य ऑफिसच्या बाजूने बसतो तेव्हा एक हट्ट धरतो. मीटिंगचे मिनिट्स, म्हणजे काय ठरलं त्याची नोंद, काम करणाऱ्या बाजूने लिहायचे, आम्ही नाही. त्यांच्या भाषेतल्या चुका दुरुस्त करत बसायचं नाही, फक्त मजकूर वाचायचा. आमच्या डोक्यात जे ठरलेलं असतं आणि त्यांनी जे लिहिलेलं असतं, त्यातली तफावत त्याच संध्याकाळी दिसते. शुक्रवारची वाट बघावी लागत नाही.

यावर आक्षेप ठरलेला: एकेकाशी वेगळं बोलायला आणि लिहिलेलं वाचायला वेळ कुणाला आहे, कॉलवर पंधरा-पंधरा माणसं असतात. असतात ना. मग एका कॉलवर पंधरा माणसं बोलावता कशाला?