शाळेतील संगणक : ‘फलित शून्य’ या आक्षेपाला उत्तर

आपला आक्षेप असा, की १९८४ साली केंद्र सरकारने ‘क्लास’ प्रकल्पात शाळांना बीबीसी मायक्रो संगणक दिले तेव्हापासून यंत्रे कुलपात पडून आहेत, शैक्षणिक फलित शून्य आहे आणि तरीही मी त्यांची भलामण करतो. कुलपाविषयी आपले म्हणणे बऱ्याच अंशी खरे आहे. ‘शून्य’ मात्र मला मान्य नाही, आणि त्याचे कारण बडोद्यात सापडते.

गुजरात सरकारने २००० साली बडोद्याच्या महापालिका शाळांना प्रत्येकी चार संगणक दिले होते. दोन वर्षांनी ‘प्रथम’ या शिक्षणक्षेत्रातील स्वयंसेवी संस्थेने पाहणी केली, तेव्हा फारच थोड्या शाळांत ते वापरात होते. म्हणजे आपण वर्णन करता तेच चित्र. पुढे संस्थेने त्यांतल्या निम्म्या शाळांत चौथीच्या मुलांना आठवड्यातून दोन तास, एका संगणकावर दोघे, असे गणिताचे खेळ खेळायला बसवले. मुलाला जेवढे जमेल त्या बेताने पुढचे गणित सोपे वा अवघड होई, आणि दोन तासांपैकी एक तास शाळेच्या वेळेबाहेरचा असल्यामुळे शिक्षकांचा तास फारसा बुडत नसे. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्तेर दुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उरलेल्या शाळांशी तुलना केली, तेव्हा दुसऱ्या वर्षाअखेर गणिताचे गुण ०.४७ प्रमाण विचलनाने (मुलामुलांच्या गुणांत एरवी जी तफावत असते तिच्या मापाने जवळपास निम्मे) वाढलेले आढळले. शालेय प्रयोगांत एवढी वाढ क्वचितच दिसते. भाषेत मात्र काहीच फरक पडला नाही (गणिताच्या खेळांनी तो पडावा तरी कसा?), आणि कार्यक्रम थांबल्यावर वर्षभरात गणितातला बराचसा लाभही ओसरला.

आपल्या जागी मी असतो, तर फलिताऐवजी खर्चावर बोट ठेवले असते. त्याच अभ्यासात मुंबई आणि बडोद्यातील ‘बालसखी’ उपक्रमही तपासला होता. त्यात वस्तीतलीच एक शिकलेली तरुणी मागे पडलेल्या तिसरी-चौथीच्या मुलांना वेगळे बसवून अक्षरओळख व अंकओळख करून देत असे. तिच्यामुळे झालेली वाढ संगणकाइतकी नव्हती, पण दरडोई खर्च इतका कमी होता की तेवढ्याच पैशांत बालसखी कितीतरी अधिक शिकवून जाते. तेव्हा नवीन खरेदीचा ठराव पुढे आला, तर मीही आपल्याच बाजूने मत देईन. मात्र ज्या शाळेत यंत्रे आधीच येऊन पडली आहेत, तिथे ती निरुपयोगी ठरवण्याआधी वेळापत्रकात दोन तास आणि त्या खोलीत बसणारे एक माणूस मिळते का, हे पाहायला हवे.