आधी निकाल दाखवा, मग पैसे!

मेंदूच्या आजारांवरच्या संशोधनासाठी अनुदान मागितलं की ठरलेला शेरा येतो: "प्राथमिक निष्कर्ष अपुरे." अहो, ते निष्कर्ष काढायलाच तर पैसे मागतोय ना! शस्त्रक्रियेत काढलेला ट्यूमरचा तुकडा काही मिनिटांत गोठवावा लागतो, मग उणे 80 अंशांच्या फ्रीझरमध्ये वर्षानुवर्षं जपावा लागतो. त्यासाठी रात्री-अपरात्री धावत येणारा माणूस हवा, आणि नेमकी त्याच्याच पगाराला कात्री. यंत्र मंजूर, ते चालवणारा नामंजूर!

मुदतीचंही तेच. पार्किन्सन्सच्या रुग्णाच्या मेंदूत इलेक्ट्रोड बसवला, तर त्याचा टिकाऊ परिणाम कळायला अनेक वर्षांचा पाठपुरावा लागतो. अनुदान मात्र त्याआधीच संपतं.

ग्लायोब्लास्टोमाचा, म्हणजे मेंदूच्या अतिशय आक्रमक कर्करोगाचा, विचार केला की तर डोकंच फिरतं. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रेडिएशनला टेमोझोलोमाइड या केमोथेरपीच्या औषधाची जोड दिली, तेव्हा रुग्णांचा मध्यक जगण्याचा काळ (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो) 12.1 महिन्यांवरून 14.6 महिन्यांवर गेला. एवढंच! त्यानंतरही मोठी मजल मारता आलेली नाही. अशा आजारावरचा अर्ज महिनोन्महिने टेबलावर पडून राहतो, याचा संताप येतो. नाकारायचं तर नाकारा, पण लवकर नाकारा. आणि नक्की काय कमी पडलं ते चार ओळींत नीट लिहा, म्हणजे पुढच्या अर्जात सुधारता तरी येईल.